दुसरा माइक

मेलवीदी, तंजावूर
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

श्री. सतीशकुमार यांस,

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. ही तारीख आणि वेळ तूही टिपून ठेव. मी टिपली आहे. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढून तक्रार विभागातून निवृत्त झालेल्या बाईला तक्रार कशी नोंदवायची हे कुणी शिकवावं लागत नाही.

त्या वेळी तुझी आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. डाव्या हातात कॉफीचा पेला. उजवा हात डिसेंबरपासून मांडीवर ठेवावा तिथेच पडून असतो. मी रोजच्यासारखा स्पीकर लावला आणि आपल्या पॉडकास्टचा तिसरा भाग सुरू केला, ओरत्तनाडूच्या अन्नछत्रातल्या स्वयंपाकिणीची गोष्ट. अकरा भाग आहेत, पण तिला हाच हवा असतो. दुसरा लावला तर पेला खाली ठेवते.

पुण्यात राहून विसरला असशील म्हणून सांगते. आपल्या घरात गोष्ट एकट्यानं सांगत नाहीत. सांगणाऱ्यासमोर एकजण बसतो आणि वाक्यावाक्याला हूं देतो. हूं थांबला की सांगणाराही थांबतो, मग गोष्टीतला राजा विहिरीत लटकत असला तरी त्यानं तसंच लटकायचं. अकराही भागांत गोष्ट मी सांगितली आणि हूं तुझ्या आईनं, माझ्या अक्कानं दिले. २८ डिसेंबरला तिला झटका आला, वाचा गेली, आणि तिचा आवाज म्हणून या जगात तेवढे हूं शिल्लक राहिले. रोज चार वाजता ती ते ऐकायची. माझी गोष्ट नव्हे, स्वतःला ऐकायची. हूं आला की पेल्यावर बोट वाजवायची.

त्या दिवशी माझा आवाज म्हणाला, "छत्रात शेवटची पंगत उठली." पुढे काही नाही. नुसती पोकळी, बंद पडलेल्या लाइनवर असते तशी. मग माझं दुसरं वाक्य. पुन्हा पोकळी. अक्कानं बोट उचललं होतं, ते तसंच वर राहिलं. मला वाटलं स्पीकर बिघडला. मी आवाज वाढवला. मी मोठ्यानं बोलू लागले, एवढंच. तिनं बावीस मिनिटं बोट वर धरलं होतं, सतीश. कॉफीवर साय आली.

मग मी फोन पाहिला. तुझा निरोप होता. "मावशी, सरप्राइज! सगळे भाग नव्या सॉफ्टवेअरमधून काढून पुन्हा चढवलेत. मागचा सगळा गोंगाट साफ. आता अगदी स्टुडिओत केल्यासारखं वाटेल."

गोंगाट.

जानेवारीत तू चार दिवस आलास आणि परत निघालास तेव्हा स्टेशनवर मी तुला काही बोलले. काय बोलले ते मला आठवतं आणि तुलाही आठवत असणार, नाहीतर महिनाभर तुझा फोन बंद राहिला नसता. हे सरप्राइज त्याचं उत्तर असेल तर ते चुकीच्या बाईला मिळालं आहे.

माझी मागणी एकच. मी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तुला पाठवलेली मूळ रेकॉर्डिंगं जशीच्या तशी परत हवीत. माझ्याकडे प्रती नाहीत. प्रत्येक रेकॉर्डिंग तुला पोचलं की मी रेकॉर्डरचं कार्ड पुसून रिकामं करत होते, कारण तुझ्याच यादीत तसं लिहिलं होतं.

हे पत्र इंग्रजीत लिहिलं नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर तू ते ऑफिसच्या टपालासारखं वाचलं असतंस. हिंदीच्या परीक्षांनी मला ही देवनागरी अक्षरं दिली आणि तुला पुण्यानं. आपल्या घरात ही लिपी दोघांनाच येते, तेव्हा तिचा उपयोग होऊ दे.

आर. वसुमती
निवृत्त पर्यवेक्षक

*

तंजावूर
रविवार, १६ फेब्रुवारी

सतीश,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, एक फोटो. १९ नोव्हेंबरला मीच तुला पाठवलेल्या निरोपाचा. वर एक शब्द नाही, खाली एक शब्द नाही. वकील झाला असतास तर बरं झालं असतं.

होय, तो निरोप माझा आहे. "माझ्या आवाजाशिवाय बाकी सगळं काढून टाक. अक्का मधे मधे हूं हूं करते, ते ऐकणाऱ्यांना बरं वाटत नाही." असं मी लिहिलं होतं. पण तेव्हा तू काढलं नाहीस. "मावशी, हे सॉफ्टवेअर तेवढं हुशार नाही, राहू दे," म्हणालास. ती गोष्ट तिथे मिटली. अडीच महिन्यांनी हुशार सॉफ्टवेअर मिळालं म्हणून एका म्हाताऱ्या बाईची जुनी कटकट उकरून पुरी करायची असते? मधल्या काळात इकडे काय झालं ते तुला ठाऊक नव्हतं का?

आणि मी तसं का लिहिलं, तेही ऐक. ऐकताना हूं द्यायची गरज नाही.

तुझी ती आठ ओळींची यादी आली तेव्हा मला हसू आलं होतं. दोन म्हाताऱ्या आणि एवढं सामान! आधी मी फोनवरच रेकॉर्ड करून पाहिलं. विहिरीत बसून बोलल्यासारखं आलं. शिवाय मी गप्प झाले की फोन आपणहून कान टवकारायचा आणि पंख्याची घरघर पुढे आणायचा. मग तू माइकचे प्रकार समजावलेस. कंडेन्सर माइक सगळं ऐकतो. तो तू आधी पाठवला होतास, आठवतं? पहिल्याच दिवशी त्यात टाउन बसचा हॉर्न, शेजारच्या अलमेलुबाईंची मिक्सी आणि कोपऱ्यावरच्या देवळाचा भोंगा, तिघंही माझ्यापेक्षा स्पष्ट आले. अक्का ऐकून हसत सुटली. "वसू, गोष्ट तुझी कीं मिक्सीची?"

तो परत केला. मग डायनॅमिक माइक. तोंडाशी घेऊन बोलायचं, तो फक्त जवळचं ऐकतो. त्यातही असा घ्यायचा की जो समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं सोडून देतो. हे मला एकदम पटलं. एक्स्चेंजमध्ये हेडसेट लावून बसायचो तेव्हा आम्हालाही हेच शिकवलं होतं, की आपल्या लाइनवरचं तेवढं ऐकायचं, शेजारच्या मुलीच्या लाइनवर कोण रडतंय ते नाही. त्याच्याबरोबर दोन माइक जोडता येतील असा मुठीएवढा रेकॉर्डर. कम्प्युटर नको, त्याचा पंखा वाजतो. तोंडापुढे कापडी जाळी, म्हणजे प आणि फ फुटत नाहीत. बसायला आतली खोली. खिडकीला गादी उभी केली आणि लोखंडी बीरूची, कपड्यांच्या कपाटाची, दोन्ही दारं सताड उघडली, कारण तू म्हणालास की कपडे घुमणारा आवाज पिऊन टाकतात. आजीची नऊवारी रेशमी पट्टुसाडी साठ वर्षांनी कामाला आली. कात्री चालवायचं सॉफ्टवेअरही मी शिकले, तू नको म्हणत असताना. पडद्यावर आवाजाचे डोंगर दिसतात, खोकला कुठला आणि शब्द कुठला ते मला आठवड्याभरात ओळखता येऊ लागलं. त्यात अक्काचे हूं म्हणजे दोन डोंगरांच्या मधली बारीक टेकाडं. ती मला माझ्या वाक्यांच्या मधे आलेली दिसायची. म्हणून तो निरोप.

टेबल केवढंसं आहे ते तू पाहिलं आहेस. दोन माइक त्यावर मावण्यासारखे नव्हते. अक्का माइकच्या पाठीमागे बसली कारण खुर्ची तिथेच बसते. आणि अक्कानं स्वतः गोष्टी का सांगितल्या नाहीत हे तू नोव्हेंबरात विचारलं होतंस, तेव्हाच मी कळवलं होतं की तिला यंत्रापुढे बोलायचं नाही. त्यात नवीन काही नाही.

मूळ रेकॉर्डिंगं कुठे आहेत ते तू अजून सांगितलेलं नाहीस. तुझी बायको सौम्या फोन कधीही उचलते आणि नीट बोलते म्हणून काल मी तिलाच फोन केला. ती म्हणाली, जागा कमी पडत होती म्हणून तू ती त्याच दिवशी कम्प्युटरच्या कचरापेटीत टाकलीस. आणि त्या पेटीतलं तीस दिवसांनी आपोआप नाहीसं होतं.

४ फेब्रुवारीपासून तीस दिवस म्हणजे ६ मार्च. मी कॅलेंडरवर गोल केला आहे. तुझ्या मुलीनं, हरिणीनं, मागून विचारलं, "आजी बोलली का?" सौम्यानं तिला गप्प केलं. गप्प करायला नको होतं.

वसुमती

*

तंजावूर
शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सतीश,

तुझा प्रश्न पाच शब्दांचा. "मावशी, दुसरा माइक कुठं आहे?"

माळ्यावर आहे. होता. आता टेबलावर आहे.

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जे होईल ते.

भुवनाला तू पाहिलं नाहीस. पापनाशमहून आठच्या बसनं येते, अक्काचा हात चालवते, तोंडाचे व्यायाम करून घेते. तिची आई आणि मी एका बाकावर शिकलो म्हणून ती मला घाबरत नाही. काल तिला पाठीला लावायची जुनी उशी हवी होती. मी आंघोळीला गेले होते. ती स्टूल घेऊन माळ्यावर चढली आणि उशीमागून एक खोकं काढून खाली आली. खोक्यावर तुझी चिठ्ठी चिकटवलेली, तमिळ अक्षरांत, अक्काला वाचता यावी म्हणून. भुवनानं ती मोठ्यानं वाचली. मराठी तिला एक शब्द येत नाही. नुसती अक्षरं लावून वाचली, शाळेतल्या मुलीसारखी. "अम्मा, हा तुझा. गोष्टी तुझ्या आहेत, तूच सांग. मी ऐकतो. सतीश."

मी न्हाणीच्या दारात होते. केसांतून पाणी गळत होतं.

भुवना माझ्याकडे वळून म्हणाली, "काय लिहिलंय हो, अम्मा? मला काही कळलं नाही, पण यांना कळलं बघा."

अक्का माझ्याकडे बघत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची माझी बहीण. मला चालायला तिनं शिकवलं, माझी वेणी तिनं घातली, आणि कॉन्व्हेंटात मराठी बोलल्याबद्दल मला तासभर उभं केलं तेव्हा फाटकाबाहेर तीही तासभर उभी राहिली. ती ओरडली असती तर चाललं असतं. ओरडायला तिच्याजवळ आता काही नाही.

काल चार वाजता तिनं माझ्या हातची कॉफी घेतली नाही. भुवनाच्या हातची घेतली.

तेव्हा खरं लिहिते. टेबलावर दोन माइक सहज मावतात. आज ठेवून पाहिले.

नोव्हेंबरात खोकं उघडलं तेव्हा अक्का स्वयंपाकघरातून हात पुसत आली होती. "सतीशानं धाडलं कीं हें? मजसाठीं काय धाडलं?"

मी म्हणाले, "काही नाही, अक्का. सगळं यंत्राचंच सामान."

"बरं. तूंच सांग मग. मी हूं देतें."

एवढंच बोलणं झालं. यंत्रापुढे बोलायचं नाही असं ती कधीही म्हणाली नाही. ते मी तुला कळवलं. घरातला फोन मीच घेते. तिला फोनवर नीट ऐकू येत नाही, ती दोन वाक्यं ओरडून तो माझ्या हातात देते, आणि बाकीचं मी तुला सांगते आणि तुझं तिला सांगते. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. मधे बसलेल्या ऑपरेटरनं दोन्ही बाजूंना काय सांगितलं हे कोण तपासणार?

का केलं म्हणशील. गोष्टी सगळ्या तिच्या. मी लहान असताना तिनं सांगितल्या, मी हूं दिले. माझ्या वाट्याला पुढे नोकरी आली आणि "कृपया थांबा, जोडून देते" हे एक वाक्य. चौतीस वर्षं मी लोकांचे आवाज जोडून दिले, माझा कुणाला ऐकायचा नव्हता. पहिला भाग तू चढवलास त्या आठवड्यात कुणीतरी लिहिलं, "आजी, किती स्वच्छ बोलता." मी ते वाक्य दिवसातून किती वेळा वाचलं ते तुला सांगणार नाही. अक्का अडखळते, मधेच तमिळमध्ये शिरते, गोष्ट अर्ध्यावर सोडून कुणाच्या लग्नाबद्दल बोलू लागते. आणि तरी तिनं तोंड उघडलं की खोलीतले सगळे तिच्याकडे वळतात. तू वळला असतास. हरिणी वळली असती. मग मी माइकच्या पाठीमागे बसले असते, आणि तो माइक पाठीमागचं ऐकत नाही.

म्हणून तिला तिथे बसवलं. तरीसुद्धा तिचे हूं आत शिरले. तिचा आवाज बारीक नव्हता, मी तिला लांब ठेवलं होतं. तुझ्या सॉफ्टवेअरला तो गोंगाट वाटला, यात त्याची काय चूक? मी सांगितलं तेच त्यानं केलं.

तू तिचा राग धरला होतास का? "मी एवढं सामान धाडलं आणि अम्मानं दोन शब्दही बोलायचे नाकारले," असा? जानेवारीत तू तिच्याजवळ बसायचास आणि उठायचास, बसायचास आणि उठायचास. आणि स्टेशनवर मी तुला म्हणाले, "आई मुकी झाली की तिच्याशी बोलायचं नसतं, असं शिकवतात वाटतं तुमच्या पुण्यात." हे मी म्हणाले. खोकं माळ्यावर असताना.

आज लिहवत नाही. हात दुखतो, आणि तिला कूस बदलून द्यायची वेळ झाली.

वसुमती मावशी

*

तंजावूर
बुधवार, २६ फेब्रुवारी

चि. सतीश,

हे शेवटचं पत्र. यापुढे लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही, आणि आता तुझी पाळी आहे.

शनिवारी मी ती चिठ्ठी अक्कापुढे धरली आणि माझ्या तोंडानं वाचली. मग नोव्हेंबरपासून काय काय केलं ते सांगितलं. कॉन्व्हेंटात कन्फेशनच्या पेटीला जाळी असायची, आम्ही हिंदू मुली बाहेरून बघायचो. समोर माणसाचा चेहरा नसला की किती सोपं असेल, असं आता वाटतं. मी बोलत असताना तिनं एकदाही मान हलवली नाही. शेवटी डावा हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला. मारला नाही, माया केली असंही नाही. पुरे, एवढंच.

भुवना म्हणाली होती की जुनं, तोंडात बसलेलं काही असेल तर ते बोलवून पाहा. गाणं, श्लोक, काहीही. मी म्हणाले, मी गोष्ट सांगते, तिला हूं देऊ दे. रविवारी, सोमवारी, दोन्ही दिवस सांगितली. "छत्रात शेवटची पंगत उठली," म्हणाले आणि रीतीप्रमाणे थांबले. अक्का खिडकीबाहेर बघत राहिली. हूं दिला नाही. देता येत नाही म्हणून नव्हे, द्यायचा नव्हता. एवढी मी तिला ओळखते.

भुवना बघत होती. म्हणाली, "तुम्हीच का सांगता नेहमी? गोष्टी त्यांच्या ना?"

पापनाशमच्या माणसांना कुठे काय बोलावं कळत नाही.

काल सकाळी मी आतल्या खोलीत सगळी मांडणी केली. बीरूची दारं उघडली, खिडकीला गादी लावली. या वयात गादी एकटीनं उभी करणं म्हणजे काय ते तुला कळायचं नाही. तुझा दुसरा माइक खोक्यातून काढला, कापडी जाळी लावली आणि अक्काच्या तोंडापासून चार बोटांवर ठेवला. माझ्यापुढे काही ठेवलं नाही. मी माइकच्या पाठीमागे बसले. रेकॉर्डरचा लाल दिवा लावला आणि म्हणाले, "अक्का, तूंच सांग. मी हूं देतें."

मला वाटलं, रडेल. रडली नाही. ओठ चाटले आणि म्हणाली, "तद."

झटक्यानंतर तिच्याजवळ हा एकच शब्द आहे, आजवर मी तो बोलण्यात धरलाच नव्हता. पाणी हवं तरी तद, दुखलं तरी तद. मी म्हणाले, "हूं."

"तद तद ततद, तद."

"हूं."

आणि मग ती सांगू लागली, सतीश. एका शब्दावर. पण चाल गोष्टीची. सुरुवातीला सावकाश, मग पंगती वाढताना भराभर, मग कुणाला तरी दटावणारी. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला मला कळलं की ही स्वयंपाकिणीची गोष्ट. सगळी पंगत जेवून उठते, दिवे विझवायची वेळ होते, पण ती बाई स्वतः जेवायच्या आधी छत्राच्या दारात जाऊन तीनदा हाक मारते, "आणिक कोण आहे उपाशी?" अक्का थांबली. मान वर केली. आणि दारात उभं राहून मारावी तशी, लांब, चढत्या आवाजात हाक मारली, तऽऽद. एकदा. थोडी थांबली. दोनदा. पुन्हा थांबली. तीनदा.

ही गोष्ट मी तुलाच नाही, सगळ्या जगाला सांगितली आहे, तिसऱ्या भागात. पण मी ती हाक नीट, स्वच्छ, वाचल्यासारखी मारली होती. माझ्या हाकेला कुणी उपाशी माणूस बाहेर आला नसता.

ती ऐकताना मी हूं द्यायचा विसरले. अक्का लगेच थांबली. माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिली, पुढे एक तद नाही. मी पाच वर्षांची असताना हूं देता देता मला झोप लागायची तेव्हा बघायची ना, तशीच. मी घाईघाईनं म्हणाले, "हूं, हूं, अक्का." तेव्हा ती पुढे गेली. स्वयंपाकीण मनात म्हणते की भुकेनं ज्याचा आवाजच गेला असेल तो ओ कसा देणार, आणि दिवा घेऊन बाहेर शोधायला निघते. दिवा तिनं डाव्या हातानं दाखवला. तुला ते ऐकू येणार नाही, पण तिथे बांगडी वाजते. ती बांगडी तशीच राहू दे.

अकरा मिनिटं. संपल्यावर तिनं कॉफी मागितली, आणि माझ्या हातची घेतली.

दुपारी पुन्हा बसली. आज सकाळीही. रोज बसायचा विचार दिसतो. मी दमले आहे, पण तिला तसं सांगायची माझी छाती नाही.

याबरोबर रेकॉर्डरचं कार्ड पाठवते आहे. या वेळी मी ते पुसलं नाही, आणि आधी भुवनाकडून एक प्रत करून घेतली. आता कामाचं बोलते.

कचरापेटीतली मूळ रेकॉर्डिंगं बाहेर काढ. मी कशीही वागले असले तरी ते हूं तिचे आहेत आणि ६ मार्चनंतर ते कुणालाच काढता येणार नाहीत. अकराही भाग पुन्हा जुन्यासारखे चढव, बसच्या हॉर्नसकट. या कार्डातलं मात्र कुठेही चढवायचं नाही, कुठल्याही सॉफ्टवेअरमधून काढायचं नाही, स्वच्छ करायचं नाही, एक श्वाससुद्धा. ते तू ऐक आणि हरिणीला ऐकव. ती आपली बोली बोलत नाही, पण हूं द्यायला बोली यावी लागत नाही. तिला सांग, आजी बोलली.

आणि उत्तर. ते मला नको. पाकिटावर तुझ्या आईचं, अंबुजा असं नाव घाल, माझं नाही. आत मराठी लिही, तमिळ अक्षरांत, मोठं आणि सुटं. अक्काला अजून किती वाचता येतं ते भुवनालाही नीट सांगता येत नाही, म्हणून ती वाचून दाखवेल. तिला अर्थ लागणार नाही आणि जिला लागायचा तिला लागेल. त्या वेळी मी अलमेलुबाईंकडे जाऊन बसेन. खोक्याचं काय झालं, तुला काय सांगण्यात आलं, तुला कशाचा राग होता, जे हवं ते लिही. माझ्याबद्दल हवं ते लिही. मी पाकीट फोडणार नाही. या घरातली ही पहिली गोष्ट असेल जी तुमच्या दोघांत माझ्या हातून जाणार नाही.

फोन चालणार नाही. फोन मी उचलते. फोटो चालणार नाही. लेखी हवं, तुझ्या अक्षरात, आणि पाकिटावर पुण्याच्या टपालाचा शिक्का बुधवार, ५ मार्च, संध्याकाळी पाचच्या आतला हवा.

वसुमती मावशी